डीएनएस सर्व्हर दोन का असतात? पहिला बंद पडला की संगणक काय करतो?

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या सेवा केंद्रात सातबारा काढायला लोक थांबलेले आहेत. वायफायची खूण पूर्ण दिसते, पण महाभूलेखचं पान उघडत नाही. 'नेट गेलं' असं सगळे म्हणतात. पण अनेकदा नेट सुरू असतं आणि अडचण डीएनएसची असते.

डीएनएस म्हणजे काय?

आपण वेबसाइटचं नाव टाइप करतो, पण संगणकाला हवा असतो आकड्यांमधला आयपी ॲड्रेस. नावावरून हा पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये तिची रचना मांडली. पत्ता मिळाला नाही, तर वेबसाइट सुरू असूनही ती उघडत नाही.

दोन सर्व्हर कसे वापरले जातात?

राउटर किंवा इंटरनेट कंपनीकडून संगणकाला सहसा दोन डीएनएस सर्व्हर मिळतात, प्रायमरी आणि सेकंडरी. विंडोज आधी प्रायमरीला विचारतं. साधारण १ सेकंदात उत्तर आलं नाही, तर ते सेकंडरीकडे वळतं. लिनक्सच्या रूढ पद्धतीत ही मुदत ५ सेकंदांची असते. एका पानासाठी अनेक नावं शोधावी लागतात. त्यामुळे प्रायमरी बंद असेल तर नेट पूर्ण थांबत नाही, पण रखडतं.

आधी शोधलेले पत्ते संगणक काही काळ साठवून ठेवतो. म्हणूनच डीएनएस बंद असतानाही एखादी साइट उघडते आणि दुसरी उघडत नाही.

मोठा गैरसमज

प्रायमरीकडे उत्तर नसेल तर संगणक सेकंडरीला विचारतो, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. 'असं नावच नाही' हेसुद्धा उत्तरच आहे. ते मिळालं की शोध तिथेच संपतो. सेकंडरीची पाळी येते ती प्रायमरीने उत्तरच दिलं नाही किंवा बिघाड कळवला तरच.

दोन्ही एकाच कंपनीचे असतील तर?

१४ जुलै २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरची डीएनएस सेवा जगभर सुमारे ६२ मिनिटं विस्कळीत झाली. भारतात तेव्हा १५ जुलैची पहाट होती. कंपनीचे १.१.१.१ आणि १.०.०.१ हे दोन्ही पत्ते एकदमच अडले. ज्यांनी हीच जोडी लावली होती, त्यांच्या सेकंडरीचा उपयोग झाला नाही.

काय करावं?

प्रायमरी एका कंपनीचा आणि सेकंडरी दुसरीचा ठेवावा. उदाहरणार्थ, १.१.१.१ सोबत गूगलचा ८.८.८.८. साइट उघडत नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग देऊन ८.८.८.८ कडून उत्तर येतं का ते पाहावं. उत्तर आलं आणि तरीही कोणतीच साइट नावाने उघडत नसेल, तर संशय डीएनएसवर घ्यावा.

मात्र रस्त्याच्या खोदकामात केबलच तुटली असेल, तर दोन काय, दहा सर्व्हर लावूनही फायदा नाही. त्यासाठी मोबाइल डेटासारखी दुसरी जोडणीच हाताशी हवी.