‘अकादमी’ शब्द आणि खानदेशातील विद्यास्थाने

इ. स. पूर्व चौथ्या शतकात अथेन्सच्या वेशीबाहेर अकादेमोस नामक वीराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपवनात प्लेटोने शिष्यांसह विद्याव्यासंग आरंभिला, आणि स्थळाचे नाव विद्वत्सभेस जडले. युरोपीय भाषांत पुढे तो शब्द अवघ्या विद्यापीठीय विश्वाचा वाचक झाला. मराठीत त्यास नेमका प्रतिशब्द रुळलेला नाही. ‘शैक्षणिक’ म्हणावे तर शाळा आठवते. ‘पंडिती’ म्हणावे तर उपहास डोकावतो. ‘विद्यापरिषद’ ही तर कायद्याने नेमलेली समिती होय. तेव्हा विद्येच्या जागांना लोकांनी कोणती नावे दिली हे पाहणेच अधिक फलदायी. त्या दृष्टीने खानदेश उद्बोधक आहे.

अमळनेरास 1916 साली प्रतापशेठ यांच्या औदार्याने जी संस्था निघाली, ती ‘तत्त्वज्ञान मंदिर’ म्हणून ओळखली गेली. देवालयाचा शब्द येथे तत्त्वचिंतनास लाभला. मात्र बाहेरच्या जगास तिची ओळख पटली ती मुख्यतः प्रा. मलकानी यांनी संपादिलेल्या इंग्रजी त्रैमासिकामुळे.

धुळ्यास 31 डिसेंबर 1926 रोजी वि. का. राजवाडे निवर्तले. कोणत्याही विद्यापीठाचे अध्यापकपद त्यांनी भूषविले नव्हते. त्यांचा संग्रह व कार्य जतन करण्यासाठी 1927 साली जी संस्था उभी राहिली, तिच्या नावात ‘मंडळ’ आले: राजवाडे संशोधन मंडळ. मंदिरात भक्त असतात, मंडळात सभासद. पदवी देण्याचा अधिकार या सभासदांना नव्हता. तरी राजवाड्यांचा धातुकोश (1937) व नामादिशब्दव्युत्पत्तिकोश (1942) याच मंडळाने प्रसिद्ध केले. त्यांतील कित्येक व्युत्पत्ती आज टिकत नाहीत हे खरे. परंतु त्या खोडून काढण्यासाठीही विद्यापीठीय अभ्यासकास तेच कोश उघडावे लागतात. ‘अकादमिक’ म्हणजे विद्यापीठीय, एवढाच अर्थ धरला तर राजवाडे आणि हे मंडळ दोघेही त्याबाहेर राहतात. दोष अर्थात व्याख्येचा.

‘विद्यापीठ’ खानदेशात उशिरा आले. तोवर येथील महाविद्यालये प्रथम मुंबईस, मग पुण्यास जोडलेली होती. जळगावास 1990 साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, आणि 2018 मध्ये त्यास बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. पीठ म्हणजे अधिकाराचे आसन. त्यावर नाव कोरले गेले ते अक्षरओळख नसलेल्या कवयित्रीचे.

मूळ ग्रीक शब्द आता ‘अकॅडमी’ या रूपाने पोलीसभरतीची तयारी करून घेणाऱ्या वर्गांच्या पाट्यांवर दिसतो. प्राध्यापकमंडळी त्यास हसतात. परंतु अकादेमोसच्या त्या उपवनात तरुणांची व्यायामभूमीही होती.