दारावरचा जोशी

परवा नातू टीव्हीवर कार्टून पाहत बसला होता. त्यात डोक्याला फडके बांधून, समोर काचेचा गोळा ठेवून बसलेली एक भविष्य सांगणारी बाई होती. ती नायकाला पुढच्या संकटाची सूचना देते आणि दिसेनाशी होते. संकट येते, नायक ते निवारतो; बाईची आठवण मात्र कोणाला राहत नाही. नातवाने मला विचारले, “आबा, हिला सगळं आधी कळतं, मग हीच का नाही लढत?”

प्रश्न मोठा मार्मिक होता. उत्तर शोधताना मला प्रथम आठवला तो आमच्या धुळ्याच्या घराच्या दारावरचा पिंगळा. पांझरेकाठच्या त्या गल्लीत तो उजाडण्यापूर्वी यायचा. हातात कंदील, खांद्याला झोळी आणि कुडमुड्याचा तो कुडकुड आवाज. पिंगळा म्हणजे खरे तर लहान जातीचे घुबड. त्याची भाषा याला कळते, अशी समजूत. आम्ही मुले गोधडीतून कान टवकारून ऐकत असू. पण आमच्या घरी त्याला कधी बोलू दिले जात नसे. आजी सुपात दाणे घेऊन बाहेर जाई आणि अहिराणीत म्हणे, “बाबा, दाना लई जाय, पन काही सांगू नको.” आत चुलीपाशी माझी आत्या बसलेली असे. विसाव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी आली होती. आजीच्या त्या बोलण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

खानदेशाला जोशी नवा नाही. चाळीसगावपासून पंधरा-अठरा किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचे स्थान आहे. तेथील एक शिलालेख १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांपुढे आणला. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याच्या नऊ पिढ्या दिल्या आहेत. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा, छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्यांचे जन्मगाव कोणते, याविषयी पंडितांत वाद आहे. त्यात आपण पडायला नको. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होता आणि नातू चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी. पुढे याच घराण्यातला अनंतदेवही सिंघणाचा ज्योतिषी झाला. त्याने शके ११४४ मध्ये गिरणाकाठच्या बहाळला देवीचे देऊळ बांधले.

त्या काळी ज्योतिषी म्हणजे केवळ कुंडल्या मांडणारा नव्हे. गणित, ग्रहांची गती, ग्रहणांचा हिशेब आणि फलज्योतिष ही सारी एकाच झोळीतली विद्या होती. पण दरबारात मान कशाला? मुहूर्ताला! राजा स्वारीवर निघणार, जोशीबुवा वेळ सांगणार. जय झाला तर तो राजाचा. म्हणजे इथेही नातवाच्या कार्टूनमधलाच प्रकार.

चांगदेवाने मात्र त्या दुय्यम जागेचा उपयोग करून घेतला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. तेथील निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या वेळी, त्या मठाला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावरचा राजभाग मठाला द्यावा, दर घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, असा तो रोखठोक मजकूर. लीलावतीतली गणिते पाटणच्या तेल्यांच्या तेलावर शिकवली गेली असतील, या कल्पनेने मला फार बरे वाटते.

लीलावतीचे नाव निघाले की ती कथा आलीच. १५८७ साली फैजीने अकबरासाठी ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्यात ती आहे. मुलीच्या कपाळी लग्न नाही, हे भास्कराचार्यांना कळले. त्यांनी एकच शुभ घटका शोधून घटिकापात्र पाण्यावर ठेवले. मुलगी कुतूहलाने वाकली, तिच्या वस्त्रातला मोती पात्रात पडला, छिद्र बुजले आणि घटका टळून गेली. मग बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. इतिहासाच्या कसोटीला ही कथा टिकत नाही. पाटणच्या वंशावळीत लीलावतीचे नाव नाही. तीत सारे पुरुषच आहेत. तरी ही कथा लोकांनी जपली. का जपली? तीत पुढचे जाणणारा माणूस हरतो आणि हरल्यावर हातातली विद्या मुलीला देतो, म्हणून.

या दोघींच्या, म्हणजे लीलावतीच्या आणि माझ्या आत्याच्या, मागे मला तिसरी बाई दिसते. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी. ऐन तिशीच्या सुमारास त्यांना वैधव्य आले. लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी सोपानदेवांनी व आचार्य अत्र्यांनी त्यांची गाणी पुस्तकरूपाने लोकांपुढे आणली. त्यांतल्या एका गाण्यात त्या जोशालाच सांगतात की, माझ्या दारी येऊ नकोस. ते प्रथम वाचले तेव्हा मला आजीचे सूप आठवले. आता त्याच बहिणाबाईंचे नाव जळगावच्या विद्यापीठाला आहे. हे कोणत्या पिंगळ्याने सांगितले असते?

देवगिरीचे राज्य बुडाले, मठही मोडला. चांगदेवाने वर्तवलेले एकही भाकीत आपल्याला ठाऊक नाही; त्याने केलेली तेलाची तरतूद मात्र दगडावर राहिली.

नातवाला मी एवढेच सांगितले, “बाळ, पुढचं कळून काही होत नाही. पुढच्यांसाठी काय ठेवलंस, ते बघायचं.”

त्याला ते कितपत पटले कोण जाणे. आत्या असती तर तिला पटले असते.