युद्ध, राजकीय उलथापालथ आणि मानवजातिविज्ञान

युद्धामुळे संशोधकाचे क्षेत्र, भाषा आणि प्रश्नही बदलतात. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचा प्रजाजन म्हणून ब्रिटिशांच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरलेला मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्हस्की ट्रोब्रिअंड बेटांवर दीर्घकाळ राहिला. दख्खनमधील असे ठळक उदाहरण म्हणजे व्हिएन्नाचे क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ (१९०९–१९९५). आधी त्यांनी कोन्याक नागांचा अभ्यास केला होता. १९३९ मध्ये ते पुन्हा भारतात आले, दुसरे महायुद्ध पेटले आणि जर्मन पारपत्रामुळे ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. निजामाच्या हैदराबाद राज्याबाहेर जाण्यास त्यांना मनाई झाली. त्यामुळे नागांऐवजी चेंचू, रेड्डी आणि राजगोंड या जमाती त्यांचे विषय बनले.

दुसरा धक्का आदिलाबादेतून आला. जमीन व जंगलावरील हक्कांसाठी लढणारा गोंड नेता कुमरम भीम १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. गोंडांच्या या उठावाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपविले. अभ्यासक येथे शासनाचा सल्लागार झाला. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळावेत, असा आग्रह त्यांनी धरला. मात्र ज्या सत्तेने गोळ्या झाडल्या तिच्याच आश्रयाने हे ज्ञान जमले, हेही नोंदविले पाहिजे.

हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने आदिलाबादेतील मार्लवाई गावी गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले. तेथील गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. घरी मराठी बोलणारे परधान, म्हणजे गोंडांचे भाट, किकरी या तंतुवाद्याच्या साथीने गोंडांच्या पुराणकथा मात्र गोंडीतच गातात, हे त्यांनी बारकाईने टिपले. त्यांचा राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ मध्ये, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले त्याच वर्षी निघाला. त्यांच्या सहसंशोधक पत्नी बेटी यांची समाधी मार्लवाईतच आहे.