दिनविशेष : ११ ऑगस्ट

१९४७ : मुंबईच्या मलबार हिलवर बंगला असलेले बॅरिस्टर महंमद अली जिना आजच्या दिवशी कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेचे अध्यक्ष झाले. (कराची १९३६पर्यंत मुंबई इलाख्यातच होती.) धर्म कोणताही असो, राज्यकारभाराशी त्याचा संबंध नाही, असे त्यांनी सभेला सांगितले. देश जन्मायला अजून तीन दिवस होते. १२ मार्च १९४९ला त्याच सभेने उद्दिष्टांचा ठराव केला. सार्वभौमत्व अल्लाचे ठरले. हिंदू सभासदांचा विरोध मतदानात वाहून गेला. १९८५मध्ये लष्करशहा झिया उल हक यांनी तो ठराव घटनेच्या कलमांत बसवला. जिनांचे भाषण मात्र कुठल्याच कलमात नाही. तरी तिथले ख्रिस्ती आणि हिंदू हक्क मागताना आजही तेच पुढे करतात. ११ ऑगस्ट तिथे अल्पसंख्याक दिन आहे, तोही सरकारी.