ओळखीचे भांडवल

१९०९ च्या मुंबई गॅझेटियरमध्ये धारावीची नोंद सहा मोठ्या कोळीवाड्यांपैकी एक अशी आहे. तोवर कातडी कमावणारे तमिळ तिथे येऊन स्थिरावले होते. तिरुनेलवेलीकडच्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी कारखाने काढले आणि त्याच मुलखातले आदि द्रविड मजूर कुंडांत उतरले. पहिली टॅनरी १८८७ सालची सांगतात. बडी मशीदही त्याच सालची. गणेश मंदिर १९१३ चे, तमिळ शाळा १९२४ ची. जवळच वांद्र्याचा कत्तलखाना होता, आणि दुर्गंधीचा हा धंदा शहराला वेशीबाहेरच हवा होता.

पण जागा मिळाली म्हणून धंदा उभा राहत नाही. कच्च्या कातड्याचे पैसे आधी मोजावे लागतात, कमावलेल्याचे उशिरा हाती येतात. मधल्या दिवसांत पत कोण देणार? झोपडीच्या तारणावर बँक कर्ज देत नसे. तिथे चीट्टू उपयोगी पडे. आपल्या भिशीसारखाच प्रकार, फक्त लिलावाचा: ज्याला निकड जास्त तो कमी रकमेवर राजी होऊन पैसे उचलतो, उरलेली रक्कम बाकीचे वाटून घेतात. चीट्टू या शब्दात मराठी कानाला चिठ्ठी ऐकू येते. पण या व्यवहाराला कागदापेक्षा माणसाच्या शब्दाचा आधार असतो. इथे पैसे बुडवले तर गावाकडच्या घराचे नाव जाते, हेच तारण.

म्हणूनच या साखळीत कोणाला घ्यायचे हे गाव, नाते आणि जात पाहून ठरे. गावाहून आलेल्या मुलाला गाववाल्याच्या खोलीत पथारी मिळे आणि त्याच्याच ओळखीने काम. मात्र ओळख सर्वांना सारख्या उंचीवर नेत नसे. व्यापाऱ्याच्या पुतण्याला ती गल्ल्यापाशी बसवी, दलित मजुराच्या मुलाला कुंडापाशी. ज्या साखळीने आधार दिला, तिनेच पायरीही ठरवली. धारावीच्या उद्यमशीलतेचे कौतुक करताना हे विसरले जाते.

अभनपुरात बसून हे लिहिताना तुलना टळत नाही. छत्तीसगडात मराठी घरे आली ती भोसल्यांच्या कारभाराबरोबर. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरच्या गादीवर बसले. अल्पसंख्य आम्हीही, पण आमच्या ओळखीपाठी कचेरी होती. धारावीतल्या मजुराच्या ओळखीपाठी दुसरी ओळखच होती. १९६६ नंतर मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध जी हाकाटी उठली, तिचा रोख कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांवर होता. ती कुंडावर उभ्या असलेल्या माणसालाही ऐकावी लागली.

१९७१ मध्ये कत्तलखाना देवनारला गेला. पुढे प्रदूषणाच्या कारणाने टॅनऱ्याही हटल्या. तरी पिशव्या, पट्टे, पाकिटे शिवणारे हात धारावीतच राहिले, आणि तमिळ घरांतून पहाटे इडल्यांचे डबे शहरभर जात राहिले. धंदे बदलले, उधारी आणि भरवसा यांची वीण टिकली.

आता पुनर्विकासात १ जानेवारी २००० ही तारीख घरांची वाटणी करते: तळमजल्यावरचे त्याआधीचे रहिवासी धारावीत, बाकीचे बाहेर. यादीत खोल्या मोजल्या जातात. पण एकाच चीट्टूतले दहाजण दहा ठिकाणी गेले, तर त्यांचे भांडवल कोणत्या रकान्यात लिहिणार?