जँगोमधील अर्जांची मांडणी व चुकांचे संदेश

संकेतस्थळावरील अर्ज भरताना चूक झाल्यास अर्जदाराला समजावून सांगणारा माणूस समोर नसतो. ते काम एका ओळीच्या संदेशाला करावे लागते. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये अशा अर्जांची मांडणी आणि संदेश हवे तसे बदलण्याची सोय आहे. पायथन भाषेत लिहिलेले हे फ्रेमवर्क अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या कचेरीत आकाराला आले व २००५ साली सर्वांसाठी खुले झाले. त्याचे नाव गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्यावरून ठेवलेले आहे.

जँगोमध्ये अर्ज म्हणजे एक क्लास असतो आणि त्यातील प्रत्येक रकाना म्हणजे एक फील्ड. टेम्पलेटमध्ये केवळ अर्जाचे नाव लिहिले तरी सारे रकाने आपोआप उमटतात. पूर्वी ते तक्त्याच्या ओळींत उमटत. २०२३च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ५.० या आवृत्तीपासून ते ‘डिव्ह’ या खुणेत उमटतात. ही तयार मांडणी पसंत नसेल, तर प्रत्येक फील्डचे शीर्षक, रकाना, मदतीची ओळ व चुका टेम्पलेटमध्ये वेगवेगळ्या जागी मांडता येतात. मात्र असे हाताने मांडताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. ‘आरंभ दिनांक समाप्ती दिनांकानंतरचा आहे’ यासारखी चूक कोणत्याही एका रकान्याची नसते. अशा चुका ‘नॉन फील्ड एरर्स’ या नावाखाली साठतात. त्यांना टेम्पलेटमध्ये जागा दिली नाही, तर अर्ज काहीही न बोलता परत येतो आणि अर्जदार तोच अर्ज पुनःपुन्हा पाठवीत राहतो.

संदेश बदलण्यासाठी फील्डला ‘एरर मेसेजेस’ नावाचा कोश द्यावा लागतो. रकाना रिकामा असणे, मूल्य अवैध असणे, लांबी जास्त होणे अशा प्रत्येक प्रसंगाला एक सांकेतिक शब्द असतो व त्यापुढे आपले वाक्य लिहावयाचे असते. संकेतस्थळाची भाषा मराठी ठेवल्यास जँगोमधील अनुवादित संदेश मराठीत येतात. ज्यांचा अनुवाद झालेला नाही, ते इंग्रजीतच राहतात. त्यामुळे एकाच पानावर दोन्ही भाषा दिसू शकतात. शिवाय रिकाम्या रकान्याची तक्रार बहुधा ब्राउझरच आधी, स्वतःच्या भाषेत करतो. ती थांबवून आपलाच संदेश दाखवावयाचा असल्यास अर्जाच्या खुणेत ‘नोव्हॅलिडेट’ हा शब्द घालावा लागतो.

मराठी अर्जांच्या बाबतीत खरी अडचण वाक्यांपेक्षा नियमांत आहे. जँगोच्या सदस्यनामासाठी ‘अक्षरे, अंक व काही ठराविक चिन्हे चालतील’ असा नियम आहे आणि तो पायथनच्या ‘डब्ल्यू’ या अक्षरवर्गावर उभा आहे. या वर्गात देवनागरीतील व्यंजने व स्वर येतात. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्ताचे चिन्ह येत नाहीत. परिणामी ‘रमण’ हे नाव स्वीकारले जाते, पण ‘किरण’ नाकारले जाते, आणि किरणला सांगितले जाते की सदस्यनामात फक्त अक्षरेच असावीत! संदेश कितीही सुबक मराठीत लिहिला तरी तो खोटाच ठरतो. येथे युजर मॉडेलमधील पडताळणीचा नियमच बदलून त्यात युनिकोडचा देवनागरी पट्टा समाविष्ट करावा लागतो.

लांबीचेही तसेच. वाचणाऱ्याला ‘स्त्री’ हे एक अक्षर वाटते. संगणक मात्र त्यात सहा चिन्हे मोजतो. म्हणून तीस चिन्हांची मर्यादा मराठी नावाला लवकर अपुरी पडते. त्यातही ती मर्यादा ब्राउझरलाही कळविलेली असल्याने मर्यादेपाशी टंकन नुसतेच थांबते, कोणताही संदेश दिसत नाही. मर्यादा सढळ ठेवणे हाच येथे उपाय.

अंकांच्या बाबतीत मात्र पायथन उदार आहे. देवनागरीत लिहिलेला ‘४५’ हा पूर्णांक म्हणून विनातक्रार स्वीकारला जातो. अडवणूक होते ती ब्राउझरच्या अंकांसाठीच्या खास रकान्यात. त्याऐवजी साधा मजकुराचा रकाना योजल्यास दोन्ही लिपींतील अंक चालतात.