पात्याभोवतीच्या हवेचा हिशेब

विमानाचा पंख हवेत उठवलेला भोवरा मागे टाकून पुढे निघून जातो. हेलिकॉप्टरच्या पात्याला ती सोय नाही. एका पात्याच्या टोकाशी उठलेला भोवरा खाली सरकतो न सरकतो तोच दुसरे पाते तिथे येऊन ठेपते.

त्यात पुढे उडताना दोन बाजूंची हवा वेगळी. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २२१ मीटर वेगाने फिरते. ताशी २५० किलोमीटरने उडताना पुढे येणाऱ्या टोकाला सेकंदाला २९० मीटरचा वारा लागतो, तर मागे जाणाऱ्याला जेमतेम १५०. याच तफावतीने स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाची सुरुवातीची ऑटोजायरो, म्हणजे डोक्यावर फिरती पाती असलेली विमाने, कलंडत. पात्यांना बिजागऱ्या बसवून १९२३ मध्ये त्याने त्यावर तोड काढली.

गणित मात्र ढोबळच राहिले. फिरती पाती म्हणजे एक सपाट चकती, असे धरून बरेच हिशेब होत. संशोधक कॅराडोना आणि आयसम यांनी १९७२ मध्ये पात्याच्या टोकाजवळची, ध्वनिवेगाला भिडू पाहणारी हवा संगणकावर मांडली. पण उत्तर बरोबर की चूक, हे ताडायचे कशावर?

त्यासाठी कॅराडोना आणि ची टंग यांनी कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रात एक प्रयोग केला. दोनच पाती, पीळ नाही, निमुळतेपणा नाही, व्यास २.२८६ मीटर. पात्यावर पाच ठिकाणी हवेचा दाब मोजला आणि भोवऱ्यांची वाटही टिपली. १९८१ मध्ये छापलेले हे आकडे आजही नव्या प्रोग्रॅमची पहिली परीक्षा घेतात. इतके साधे पाते खऱ्या हेलिकॉप्टरला लावत नाहीत. पण त्या साधेपणामुळेच चूक लपायला जागा उरत नाही.

खऱ्या उड्डाणाचा हिशेब त्याहून चिवट निघाला. १९९३-९४ मध्ये ब्लॅक हॉकच्या एका पात्यात २४२ दाबमापक बसवून एम्सनेच उड्डाणे केली. वेगात उडताना पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाजवळची उचल क्षणभर शून्याखाली जाते. तो क्षण गणितात भलतीकडेच पडे. विल्यम बाऊसमन यांनी १९९९ मध्ये हे दुखणे नेमके दाखवून दिले. पॉट्सडॅम, यिओ आणि जॉन्सन यांनी २००४ मध्ये हवेचा प्रोग्रॅम आणि पात्याच्या लवचीकतेचा प्रोग्रॅम एकमेकांना जोडले: हवेचा भार एकाने सांगायचा, पाते किती वाकले-पिळले ते दुसऱ्याने, आणि दोघांचे जुळेपर्यंत हीच देवाणघेवाण. तेव्हा कुठे उचलीचा तो उतार उड्डाणात मोजलेल्या जागी येऊन बसला.